पुदिन्याच्या मशीनले हाव कळत नाही

नेरच्या एस.टी. स्टँडवरून कापसाच्या बाजाराकडे वळलं की डाव्या हाताला एक दुकान लागते. शटर एक, धंदे दोन. पुढच्या बाजूला मुजफ्फर मोबाईल दुरुस्त करतो आणि मागं, पंख्याखाली, त्याचे चाचा अब्दुल गनी लग्नाच्या पत्रिका बनवतात. सारं नेर त्यांना गनीचाचा म्हणते. त्यांच्याहून वयानं मोठे असलेलेही चाचाच म्हणतात, आता काय करायचं.

चाचांच्या हाताखालून गेल्याशिवाय आसपासचं लग्न लागत नाही. वर गणपती पाहिजे की जय सेवालाल पाहिजे, बुद्धाचं चित्र पाहिजे की उर्दूतलं बिस्मिल्लाह, हे त्यांना गिऱ्हाइकाच्या नुसत्या आडनावावरून कळते. कोणत्या घरात मोठ्या काकाचं नाव खाली गेलं तर काका जेवायलाच येत नाही, हेही त्यांना ठाऊक. खाली लहान अक्षरात लेकरांच्या नावानं "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं" ही ओळ ते न विचारता टाकून देतात. नवी पत्रिका करायची म्हणजे जुनी उघडायची आणि नावं बदलायची, ही त्यांची पद्धत. एकदा जुन्या नवरदेवाचा मामा तसाच राहून गेला. तो मामा आला, दोन्ही पंगती जेवला आणि आहेरही घेऊन गेला.

पहिले चाचा टाइपरायटरवर बसत. मग कॉम्प्युटर आला, त्यात विंडोज आलं, आणि चाचा त्यात असे मुरले की नेरमधल्या अर्ध्या मशिनींत विंडोज त्यांनीच घातलं. सॉफ्टवेअर घालायची त्यांची रीत सोपी होती. नेटवरून फाईल आणायची, तिच्यावर दोनदा टिचकी मारायची, आणि मग नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. वाचायचं काहीच नाही. "वाचलं तं माणूस घाबरते," असं ते सांगत. न वाचल्यामुळं कधी कधी एका प्रोग्रामाच्या मागून चार फालतू प्रोग्राम घरात घुसत, पण चाचा म्हणत, लग्नघर म्हटलं की असं होणारच.

आणि असंच एकदा झालं. चाचांनी कुठून तरी एक फुकटची फाईल आणली, टिचकी मारली, नेक्स्ट नेक्स्ट केलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनमधल्या साऱ्या पत्रिकांना कुलूप. पडद्यावर लाल अक्षरात धमकी. वर्षानुवर्षांचे नवरदेव, नवऱ्या, मामा, काका, सारे आत कोंडले गेले. मशीन जुनी. नवं विंडोज तिच्यात मावायला तयार नाही. आता आली का पंचाईत?

मुजफ्फर वाईट माणूस नाही. पण त्याला मागची जागा हवीच होती. मोबाईलचे कव्हर, चार्जर, कानात घालायच्या गोळ्या, सारं ठेवायला त्याला काचेचं मोठं काउंटर लावायचं होतं.

"चाचा, आता आराम करा ना," तो म्हणाला. "किती दिवस डोळे फोडता त्या पडद्यात?"

"आराम करून करू काय?"

"घरी बसा. चाचीसंग बोला."

"तुह्या चाचीसंग बोलाले काहीतरी बाहेरून न्या लागते रे. घरी बसून काय बोलू?"

समोरच्या चहाच्या टपरीवर चार माणसं होती, त्यांना हसू आलं. चाचांना तेच लागलं. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "येत्या जुम्म्याच्या नमाजेआधी या मशीनमधून एक पत्रिका निघाली नाही, तं खुर्ची तुही. काउंटर लाव, नाही तं पलंग टाक."

जबान दिली म्हणजे दिली. दुकानातली ती खुर्ची म्हणजे काही फार मोठी दौलत नव्हती. तिच्या एका हाताला फडकं गुंडाळलेलं, गादी दबून पोळीसारखी झालेली. पण सकाळी उठून माणसाला कुठं जायचं हे त्या खुर्चीमुळं ठरत होतं. ती गेली तर चाचांचा सारा दिवसच मोकळा. मोकळा दिवस म्हाताऱ्या माणसाला फार जड जातो.

संघदीप हा जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर. परीक्षेचे पेपर छापायला तो चाचांकडे येई. त्यानं मशीन पाहिली आणि म्हणाला, "चाचा, हे कुलूप काही निघत नाही. पण मशीन बेकार नाही. मी याच्यात लिनक्स घालून देतो. फुकट आहे, अन् जुन्या मशिनीले झेपते."

"नाव काय त्याचं?"

"लिनक्स मिंट."

"मिंट म्हणजे?"

"पुदिना."

चाचांनी कपाळाला हात लावला. पण दुसरा रस्ता नव्हता. संघदीपनं पेन ड्राइव्ह लावून तासाभरात पुदिना बसवला, पासवर्ड ठरवून दिला, आणि दाराशी जाऊन वळून म्हणाला, "चाचा, एक ध्यानात ठेवजा. विंडोजमंधी आपण सामान आणतो. इथं आणायचं नाही, इथं मागायचं." एवढं बोलून तो पुसदला ट्रेनिंगला निघून गेला. तिथं दिवसभर फोन बंद ठेवावा लागे.

चाचांना नवी मशीन पहिल्या दिवशी आवडली, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. हिरवा रंग, स्वच्छ पडदा. खाली उजवीकडे घड्याळ, तेही बरोबर चालणारं. त्यांनी हळूहळू सारे कोपरे उघडून पाहिले. एका ठिकाणी लिहिलं होतं, सॉफ्टवेअर मॅनेजर. ते त्यांनी उघडलं नाही. मॅनेजर म्हटलं की त्यांना बँक आठवे, आणि बँकेच्या मॅनेजरकडे माणूस काम अडल्याशिवाय जात नाही.

मग त्यांनी आपली जुनी रीत लावली. नेटवर गेले, चित्रं अन् अक्षरं मांडायच्या सॉफ्टवेअरची फाईल शोधली, विंडोजवाली, आणि आणली. दोनदा टिचकी मारली. मशीननं ती फाईल गाठोड्यासारखी सोडली आणि आतलं सारं सामान मांडून दाखवलं. पण चालवलं काहीच नाही. पुन्हा टिचकी, पुन्हा गाठोडं. व्याह्यानं पाठवलेली शिदोरी सासूनं उघडून पाहावी आणि तशीच झाकून ठेवावी, तसं ते झालं.

"चाचा, नेक्स्ट कुठं हाय त्याच्यात?" मुजफ्फरनं पुढून विचारलं.

"तू आपला मोबाईल कर."

रात्री संघदीपला मेसेज केला. सकाळी त्याचं उत्तर आलं, आवाजात. मागं ट्रेनिंगवाल्यांचा चहा ओतल्याचा आवाज, आणि त्यात संघदीप घाईघाईनं सांगत होता: "चाचा, टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडा. त्यात लिहा सुडो, मंग ए-पी-टी, मंग इन्स्टॉल, मंग इंकस्केप, सारं लहान अक्षरात, मधात जागा सोडून. इंकस्केप म्हणजे पत्रिका मांडायचं सामान, अन् सुडो म्हणजे घरच्या मोठ्याच्या हुकमानं. म्हणून पासवर्ड मागीन, तो टाका. मंग ते विचारीन, पुढं जाऊ का? तं हाव म्हणजा. बस."

चाचांनी तो आवाज इतक्यांदा ऐकला की मुजफ्फरलाही पाठ झाला.

काळी खिडकी उघडली. टाइपरायटरवर बसलेल्या माणसाचे हात ते, एक अक्षर चुकलं नाही. मशीननं पासवर्ड मागितला. चाचा टाकायला लागले, तर पडद्यावर काहीच उमटेना. ठिपका नाही, फुली नाही. त्यांना वाटलं कीबोर्ड मेला. उलटा करून झटकला. त्यातून चिवड्याचे दाणे पडले, पण अक्षर पडलं नाही. मुजफ्फरकडून दुसरा कीबोर्ड आणून लावला, तरी तेच.

तेवढ्यात बिस्मिल्लाबी डबा घेऊन आली. ही चाचांची बायको. बरीच वर्षं सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात आया होती. शाळा थोडकीच, पण केसपेपरवरचे इंग्रजी शब्द रोज पाहून पाहून तिच्या ओळखीचे झालेले. वाचता येत नसले तरी तोंडवळ्यावरून ओळखायची.

"अजी, मशीनले उलटं काहून टांगलं?"

"ते पासवर्ड घेत नाही."

"घेत नाही की दाखवत नाही?"

"म्हणजे?"

"मी गाठीचे पैसे मोजते तेव्हा तुमच्यापुढं मोजते का?"

चाचांनी कीबोर्ड सरळ केला. पुढं मुजफ्फर तोंड दाबून हसत होता. चाचांनी पासवर्ड आंधळ्यासारखा टाकला आणि एंटर दाबलं. अन् काय सांगावं, त्या काळ्या खिडकीत ओळींचा पाऊस लागला. चाचा पुढं वाकले. आता ते वाचू लागले, आयुष्यात पहिल्यांदा. मशीन सांगत होती की तुम्ही एका इंकस्केपला बोलावलं, पण त्याच्यासंग हे हेही येतील. खाली नावांची ही लांब यादी.

"बिस्मिल्ला, पाहा," चाचा म्हणाले. "हे तं वऱ्हाड आहे! नवरदेवाले आवतण दिलं, तं मामा कोण, फुफा कोण, सोबत कितीजण, सारं अगोदरच सांगून राह्यलं. विंडोजमंधी हे लोक न सांगता घुसत होते."

"मंग बरं हाय की. सांगून येणाऱ्याचं वरण तरी टाकता येते."

यादीच्या खाली मशीननं विचारलं होतं, पुढं जायचं का? कंसात एक मोठा वाय, एक लहान एन. चाचांनी संघदीपचा आवाज आठवला. हाव म्हणजा. त्यांनी कीबोर्ड मराठीत वळवला, कारण ही मशीन मराठी समजते असं मास्तर म्हणाला होता, आणि लिहिलं: हाव. एंटर.

मशीननं एकच शब्द टाकला आणि गप्प झाली.

चाचांनी पुन्हा सारं केलं. आता इंग्रजी अक्षरात हाव लिहिलं. पुन्हा तोच शब्द. मग त्यांना वाटलं, बोलण्यात काही कमी पडलं असेल, म्हणून अदबीनं लिहिलं: जी हाव. पुन्हा तोच.

बिस्मिल्लाबीनं चष्मा पुसला, पडद्याजवळ तोंड नेलं, आणि छातीवर हात ठेवला.

"या अल्ला. अबॉर्ट."

"काय?"

"हे अबॉर्ट लिहिलं हाय. मी रोज पाह्यलं हे. कोणाचं झालं?"

"कोणाचं नाही! मशीन बोलून राह्यली."

"मशीनचं झालं?"

मुजफ्फर पुढच्या खुर्चीतून अक्षरशः खाली बसला. गिऱ्हाइकाचा मोबाईल त्याच्या हातात उघडाच राहिला. चाचांना राग यायला पाहिजे होता, पण त्यांना हसू आलं, आणि हसता हसता डोक्यात काहीतरी वळलं.

"अबॉर्ट म्हणजे थांबवलं," ते म्हणाले. "याचा अर्थ याले माही हाव कळलीच नाही. मी जे बोललो ते हाव नव्हतं याच्यासाठी."

"मंग याची हाव कोणती?"

"हेच तं पाह्यलं पायजे."

आता त्यांची उत्सुकता पेटली. खुर्ची, जबान, जुम्मा, सारं विसरून ते त्या मशीनला नाना प्रकारे हो म्हणून पाहू लागले. हां म्हणून पाहिलं. ओके लिहिलं. बरं लिहिलं. दरवेळी अबॉर्ट, आणि दरवेळी बिस्मिल्लाबी तोंडानं "च्च च्च" करी, जशी वॉर्डात करायची. शेवटी ती म्हणाली, "अजी, त्यानं दोनच अक्षरं समोर ठेवली ना? डॉक्टरीणबाई विचारायच्या, मुलगा झाला की मुलगी. कोणी बाई म्हणायची का, वांगं?"

चाचांनी नुसता वाय दाबला. एंटर.

वऱ्हाड निघालं. टक्के चढत गेले, ओळी पळत गेल्या, कुठं नेक्स्ट नाही, कुठं फिनिश नाही. सारं झाल्यावर खिडकी गुपचूप थांबली. शाबासकीचं एक चिन्हही नाही. चाचांना खरंच वाटेना. मेनूत जाऊन पाहतात तर इंकस्केप तिथं बसलेलं, जसं काही जन्मापासून त्याच घरात होतं.

"संघदीपले सांगा," बिस्मिल्लाबी डब्याचं झाकण लावत म्हणाली, "मास्तर असून असं वऱ्हाडी शिकवते का कोणी?"

पत्रिका मात्र अजून निघायची होती. तांड्यावरचा खेमसिंग पोरीच्या, जयाच्या, लग्नाची पत्रिका सांगून गेला होता. जुन्या पत्रिका तर कुलपात. नावं बदलायला समोर काही नव्हतं. चाचांनी फार वर्षांनी कोरा कागद उघडला. मराठी अक्षरांचे नवे वळणदार फॉन्ट पाहिजे होते, तेही त्यांनी आणले नाहीत, मागितले. आता त्यांना मागण्याची गोडी लागली होती. काळ्या खिडकीत ते असे बोलत, जसे हॉटेलातल्या पोऱ्याला. चारी बाजूंनी आरशाच्या टिकल्या काढल्या, जशा तांड्यावरच्या बायांच्या घागऱ्याला असतात. त्या काढताना ते गुणगुणत होते, असं मुजफ्फरनं घरी जाऊन सांगितलं.

जुम्म्याचा दिवस उजाडला. मुजफ्फरचं काचेचं काउंटर हातगाडीवर येऊन दुकानासमोर उभं राहिलं. खेमसिंगही आला, पांढरं धोतर, डोक्याला मोठा फेटा. पत्रिका पडद्यावर तयार. आता फक्त छापायची.

आणि चाचांच्या ध्यानात आलं. प्रिंटरची सीडी! विंडोजमध्ये ती सीडी घातल्याशिवाय प्रिंटर हलत नसे. दुकानात शोधली, टेबलाखाली शोधली, मुजफ्फरच्या चार्जरच्या ढिगात शोधली. घरी फोन लावला.

"बिस्मिल्ला, ती चकचकीत तबकडी पाह्यली का?"

"कोणती?"

"प्रिंटरची!"

मग बिस्मिल्लाबी म्हणाली, "ते गच्चीवर हाय. वड्या वाळू घातल्या ना, चिमण्या येतात. ते हललं की उडतात."

"आण लवकर!"

ती आली तेव्हा सीडीच्या काठाला भोक पाडून सुतळी ओवलेली, वर कावळ्यानं केलेला शिक्का. चाचांनी ती हातात धरली आणि तोंड असं झालं की खेमसिंगनं आपणहून त्यांना पाणी दिलं.

मुजफ्फर दारात उभा. तोही हसत नव्हता आता. "चाचा, राहू द्या," तो हळूच म्हणाला. "काउंटर उद्या लावतो."

"उद्या नाही. जबान आजची हाय."

असं म्हणून चाचांनी वैतागून प्रिंटचं बटण दाबलं. काही तरी करायचं म्हणून.

प्रिंटर घरघरला. कागद आत ओढला. आणि वरून जय सेवालाल बाहेर येऊ लागलं, मग जयाचं नाव, मग आरशाच्या टिकल्या, एकेक ओळ, सावकाश.

झालं असं होतं, की प्रिंटरची वायर लावल्या लावल्याच पुदिन्यानं त्याला ओळखलं होतं आणि पडद्याच्या कोपऱ्यात तशी चिठ्ठीही दाखवली होती. पण चाचांनी कोपऱ्यातलं कधी वाचलं होतं?

खेमसिंगनं कागद उजेडात धरला. बोट ठेवून एकेक नाव वाचलं. सारी माणसं जागेवर होती. मग तो म्हणाला, "चाचा, हे आरशे छान काढले. पहिल्या पोरीच्या पत्रिकेत काहून नव्हते?"

"तेव्हा दुसऱ्याची पत्रिका होती," चाचा म्हणाले. "ही जयाची हाय."

मशिदीतून अजान सुरू झाली. हातगाडीवाला दारात आला आणि मुजफ्फरला म्हणाला, "भाऊ, उतरवू का वापस नेऊ? माहं दुसरं भाडं हाय."

मुजफ्फरनं चाचांकडे पाहिलं. चाचांनी कागदाकडे पाहिलं, मग त्या काउंटरकडे. काच चांगली होती, जाड. ते उठले, खुर्ची पकडली आणि स्वतः ओढून भिंतीला लावली. मागं हातभर जागा झाली.

"उभं नाही मावत," ते म्हणाले. "आडवं लाव. अन् त्याच्यावर चहाचा कप ठेवशील तं पाहाजो."

"चाचा, जबान तं तुम्ही जिंकली ना?"

"म्हणून तं सांगून राह्यलो कुठं लावायचं ते. हरलो असतो तं तू सांगितलं असतं."

संध्याकाळच्या नमाजेहून आल्यावर दुकानात गर्दी नव्हती. चाचा भिंतीला लागलेल्या खुर्चीत बसले. जयाच्या पत्रिकेचा गठ्ठा छापायचा होता. पण त्यांनी आधी काय केलं, तर तो सॉफ्टवेअर मॅनेजर उघडला. बँक नव्हती ती. मोठा बाजार होता, आणि सारं मागायचं. चाचा त्यात असे शिरले, जसे पोळ्याच्या बाजारात लेकरू. कुठं बुद्धिबळ, कुठं पेटी शिकायचं, कुठं आभाळातले तारे दाखवणारं. ताऱ्यांचं मागितलं. उघडल्यावर त्यानं विचारलं तुम्ही कुठले. चाचांनी जिल्हा लिहिला, यवतमाळ.

पडदा काळा झाला आणि भरून आला.

बिस्मिल्लाबी रिकामा डबा न्यायला आली होती. तिनं डबा बगलेत धरूनच पाहिलं. मुजफ्फरही काउंटरवरून वाकला.

"याच्यासाठी खुर्ची वाचवली का?" ती म्हणाली.

"सरक जराशी. तुह्या सावलीनं धूमकेतू दिसत नाही."

ती सरकली नाही. स्टूल ओढून बाजूला बसली. "आपलं गच्चीवरचं आभाळ हेच का?"

"हेच."

"मंग चंद्र कुठं हाय दाखवा. वड्या आत घ्याच्या आहेत, किती उजेड राहीन ते पाहू द्या."